एका अक्षरासाठी तीन जीव

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

'ध चा मा करणे' म्हणजे काय, हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. १७७३ साली शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि 'धरावे'चं 'मारावे' कुणी केलं याची कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. ती अक्षरशः तशीच घडली का, हा प्रश्न इतिहासकारांवर सोपवू. पण एका अक्षराने माणसाचा जीव जाऊ शकतो, ही कल्पना आपल्या भाषेत घर करून बसली आहे. मी शिकवतो त्या चिनी भाषेतही एका अक्षराची अशीच गोष्ट आहे. फरक इतकाच, की तिथे अक्षर बदलायला नकार दिल्यामुळे माणसं मेली.

साल इ. स. पू. ५४८. आजच्या शानतुंग प्रांतात तेव्हा छी नावाचं राज्य होतं. तिथल्या राजाचं आपल्या बलाढ्य मंत्र्याच्या, त्स्वेइ चूच्या, बायकोशी सूत जुळलं होतं. मंत्र्याने डाव साधला आणि राजाला मारवलं. आता पंचाईत झाली ती दरबारच्या इतिहासकाराची. चिनी भाषेत ठार मारण्याला 'शा' असा साधा शब्द आहे. पण सेवकाने धन्याला मारलं, मुलाने बापाला मारलं, तर त्यासाठी वेगळा शब्द आहे, 'शि'. हा शब्द नुसती घटना सांगत नाही, तो गुन्हाही सांगतो आणि गुन्हेगारही दाखवतो. इतिहासकाराने बांबूच्या पट्टीवर मंत्र्याचं नाव लिहिलं आणि त्यापुढे 'शि' लिहिलं. मंत्र्याने त्याला ठार केलं. त्याचा धाकटा भाऊ त्या जागी आला, त्याने तेच लिहिलं. तोही मेला. त्याच्यानंतरच्या भावानेही तेच लिहिलं, तोही मेला. चौथा भाऊ आला आणि त्यानेही तेच अक्षर लिहिलं. तेव्हा मंत्र्याने हात टेकले. तिकडे दक्षिणेकडचा एक इतिहासकार, सगळे भाऊ मारले गेले असं ऐकून, स्वतःची बांबूची पट्टी घेऊन निघाला होता. नोंद झाल्याचं कळलं तेव्हा तो अर्ध्या वाटेवरून परत गेला.

'त्सुओ-च्वान' या प्राचीन ग्रंथात ही हकीकत चार-सहा वाक्यांत येते. मी वर्गात ती सांगतो तेव्हा विद्यार्थी विचारतात, सर, त्या शब्दाला मराठीत काय म्हणायचं? मी त्यांना उलट विचारतो, अफझलखानाचा आपण 'वध' म्हणतो, नारायणरावाचा 'खून' म्हणतो, हे कुणी ठरवलं? १८५७ला इंग्रजांनी 'बंड' म्हटलं, पुढे 'उठाव' झाला, मग 'स्वातंत्र्यसमर' झालं. प्रसंग तोच, माणसं तीच, मेलेल्यांची संख्याही तीच. शब्द बदलला की निकाल बदलतो. आपल्याकडे हे आपोआप, वादावादीतून घडत गेलं. चिन्यांनी त्याचं शास्त्र केलं.

त्या शास्त्राचं नाव आहे 'वसंत-शरदाची लेखणी'. 'छुन-छ्यू', म्हणजे वसंत आणि शरद, हा लू या छोट्या राज्याचा इतिहास. इ. स. पू. ७२२ ते ४८१ या काळातल्या नोंदी त्यात वर्षवार, ऋतुवार येतात. चार ऋतूंपैकी दोघांची नावं घेतली की अख्खं वर्ष आलं. आपण नाही का 'तुझ्यापेक्षा चार पावसाळे जास्त पाहिलेत' असं म्हणत! परंपरा सांगते, की हा ग्रंथ कन्फ्यूशियसने स्वतः संपादित केला आणि एकेका शब्दातून राजांचा न्यायनिवाडा केला. आजच्या विद्वानांना हे सगळंच मान्य नाही. पण दोन हजार वर्षं चिनी इतिहासकारांनी ते मानलं आणि त्या धाकात लिहिलं, ही गोष्ट खरी. पुढे त्या सगळ्या काळालाच 'वसंत-शरद काळ' हे नाव पडलं. त्याच्यानंतरच्या 'लढत्या राज्यांच्या काळा'चं नावही एका ग्रंथावरूनच आलेलं आहे. आधी पुस्तक आणि मग त्याच्यावरून युगाचं नाव, असा उलटा प्रवास मला दुसऱ्या कुठल्या भाषेत फारसा दिसलेला नाही.

पुस्तकाचा विषय निघालाच आहे तर 'चिंग' हा शब्द पाहू. कवितांचा संग्रह 'शि-चिंग', जुन्या राजाज्ञा आणि भाषणं म्हणजे 'शू-चिंग', शकुनाचा ग्रंथ 'ई-चिंग'. इंग्रजीवाले याचं भाषांतर 'क्लासिक' असं करतात आणि मोकळे होतात. पण अक्षर नीट पाहिलं तर त्याच्या डाव्या अंगाला रेशमाच्या धाग्याची खूण आहे. 'चिंग'चा मूळ अर्थ मागावरचा उभा धागा, आपल्या विणकरांचा ताणा. ताणा एकदा लावला की हलत नाही, बाणा त्यातून आडवा जात-येत राहतो. म्हणून कधीही न हलणारे ग्रंथ ते 'चिंग'. आणि त्यांच्याभोवती जे गूढ, भाकितवजा, पुढे संशयास्पद ठरलेलं वाङ्मय जमलं, त्याला चिन्यांनी नाव दिलं 'वेइ', म्हणजे बाणा! भूगोलातले रेखांश आणि अक्षांशही चिनी भाषेत हेच दोन धागे घेऊन येतात.

आता गंमत अशी, की भारतातून बौद्ध ग्रंथ चीनमध्ये गेले तेव्हा 'सूत्र' या शब्दाचं काय करायचं हा प्रश्न आला. सूत्र म्हणजेही धागाच. भाषांतरकारांनी 'चिंग' हा शब्द उचलला आणि आपला धागा त्यांच्या धाग्याला जोडून टाकला. यापेक्षा नेटकं भाषांतर मला तरी माहीत नाही.

ग्रंथ न हलणारे असले तरी जळू शकतात. इ. स. पू. २२१मध्ये छिन राज्याच्या राजाने बाकी सगळी राज्यं गिळून चीन एक केला. 'राजा' हा शब्द त्याला पुरेना. पुराणातल्या देवतुल्य पुरुषांच्या पदव्यांमधून 'ह्वांग' आणि 'ती' हे दोन शब्द घेऊन त्याने 'ह्वांग-ती' हा नवा शब्द पाडला. आपण त्याला सम्राट म्हणतो. स्वतःला त्याने 'पहिला सम्राट' म्हणवलं. पुढे दुसरा, तिसरा, असं दहा हजार पिढ्यांपर्यंत चालायचं होतं. 'मी' या अर्थाचा एक जुना शब्दही त्याने स्वतःसाठी राखून ठेवला, दुसऱ्या कुणी तो वापरायचा नाही. इ. स. पू. २१३मध्ये इतर राज्यांचे इतिहास आणि जुने ग्रंथ जाळण्याचा हुकूम निघाला. दहा हजार पिढ्यांचा हिशेब मात्र पंधरा वर्षांतच आटोपला.

या सम्राटाने आणखी एक प्रथा बंद केली होती, आणि ती का, हे कळलं की चिनी नावांची सगळी भानगड उलगडते. राजा मेला की दरबार त्याला एक मरणोत्तर नाव देत असे. चांगला राजा असेल तर 'वन', म्हणजे सुसंस्कृत, किंवा 'वू', म्हणजे पराक्रमी. वाईट असेल तर 'ली', म्हणजे जुलमी. चौ वंशातल्या ज्या राजाला प्रजेने इ. स. पू. ८४१मध्ये हाकलून दिलं, त्याचं नाव इतिहासात 'जुलमी राजा' असंच आहे. त्याच वंशाच्या ज्या राजाने राजधानी गमावली आणि स्वतःही मारला गेला, तो झाला 'अंधाराचा राजा'. त्यांची खरी नावं अभ्यासकांनाच ठाऊक. पहिल्या सम्राटाचं म्हणणं असं, की मुलाने बापाचा आणि सेवकाने धन्याचा न्याय करावा ही काय रीत झाली? त्याच्या वंशाबरोबर त्याची बंदीही गेली आणि प्रथा परत आली.

याची एक चमत्कारिक हकीकत स्वै वंशाच्या दुसऱ्या सम्राटाची आहे. जिंकलेल्या छेन राज्याचा पदच्युत राजा ६०४ साली मेला, तेव्हा त्याला 'यांग' असं हिणकस मरणोत्तर नाव देण्यात आलं. कर्तव्य सोडून विलासात बुडालेल्यासाठीचं ते नाव. ६१८ साली हा सम्राट स्वतः मारला गेला आणि त्याच्या जागी आलेल्या थांग वंशाने त्याला नाव दिलं, तेच, 'यांग'. चिनी इतिहासाच्या पुस्तकात तो आजही 'स्वै यांग-ती' आहे.

म्हणजे एका सम्राटाला किती नावं? जन्माचं एक. मेल्यावर गुणदोषांवरून एक. पूर्वजांच्या देवळात पूजेसाठी एक. आणि चौथं त्याच्या काळाचं नाव. हे चौथं आपल्याला जरा जवळचं वाटेल. शिवाजी महाराजांनी १६७४मध्ये राज्याभिषेकापासून राजशक सुरू केला. चीनमध्ये असा शक हान वंशाच्या वू-ती या सम्राटाच्या काळापासून, म्हणजे इ. स. पू. दुसऱ्या शतकापासून, सतत चालू राहिला. फक्त तिथे एकच सम्राट आपल्या कारकिर्दीत हवे तितक्या वेळा शक बदलत असे. शुभशकुन झाला, बदला. दुष्काळ पडला, बदला. वू त्झ-थ्येन ही चीनच्या इतिहासात सम्राट म्हणून गादीवर बसलेली एकमेव स्त्री. तिने तर डझनाहून अधिक वेळा काळाचं नाव बदललं. तिच्या काळातल्या कारकुनांची मला दया येते. मिंग वंशापासून बहुतेक एक सम्राट, एक शक असं ठरलं. म्हणून 'खांगशी', 'छ्येनलुंग' ही आपण सम्राटांची नावं समजतो ती वास्तविक काळाची नावं आहेत. आपल्याकडे 'शके १५९६, आनंदनाम संवत्सर' असं लिहीत, तसंच तिथे 'क्वांगश्यूचं विसावं वर्ष' म्हणजे १८९४. आणि आपल्या प्रभव-विभव संवत्सरांसारखं त्यांचंही साठ वर्षांचं चक्र आहे. दहा आणि बारा चिन्हांच्या जोड्या लावून ते फिरतं. १९११च्या क्रांतीला चिनी माणूस आजही त्या चक्रातल्या नावाने, 'शिन-हाय क्रांती' म्हणूनच ओळखतो.

जन्माच्या नावाचं मात्र वेगळंच. सम्राटाचं जन्मनाव उच्चारायचं नाही, लिहायचंही नाही. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही म्हणून आपल्याकडे उखाणे आले. चीनमध्ये त्याच संकोचातून कायदा आला. खांगशी सम्राटाचं जन्मनाव 'श्वेन-य', म्हणून 'श्वेन' हे अक्षर लिहिताना शेवटचा फराटा गाळायचा, नाहीतर 'य्वेन' असं दुसरंच अक्षर लिहायचं. बीजिंगच्या राजवाड्याच्या उत्तर दरवाज्याच्या नावात ते अक्षर होतं, तर दरवाज्याचं नाव बदललं. कन्फ्यूशियसचं जन्मनाव 'छ्यू', म्हणून पुढे त्याच आडनावाच्या लोकांना आपल्या आडनावाचं अक्षर बदलावं लागलं. हे सगळं गमतीचं वाटतं, पण १७७७ साली वांग शी-हौ नावाच्या कोशकाराने आपल्या शब्दकोशात, कोणती अक्षरं टाळावीत हे वाचकांना कळावं म्हणून, खांगशी आणि त्याच्यानंतरच्या दोन सम्राटांची नावं पूर्ण अक्षरांत छापली. त्याचा शिरच्छेद झाला आणि घरच्यांनाही शिक्षा भोगावी लागली. त्याच छ्येनलुंग सम्राटाच्या आज्ञेने त्या वेळी जगातला एक प्रचंड ग्रंथसंग्रह हाताने नकलून काढला जात होता. साडेतीन हजारांच्या आसपास ग्रंथ, छत्तीस हजारांवर पुस्तकं. आणि संग्रहासाठी घरोघरची पुस्तकं मागवताना जी नको वाटली ती हजारोंनी नष्टही झाली. ग्रंथांचं पालन आणि ग्रंथांचा संहार एकाच कचेरीतून चालू होता.

सामान्य सुशिक्षित माणसालाही नावं बरीच. जन्मनाव आईवडिलांनी आणि वडीलधाऱ्यांनी घ्यायचं. वयात आल्यावर मिळालेलं दुसरं नाव बरोबरीच्यांनी घ्यायचं. शिवाय स्वतः निवडलेलं टोपणनाव, आपल्या गोविंदाग्रज-कुसुमाग्रजांसारखं. सुंग काळातला कवी सू शि याला कवितांमधून राजकीय टीका केल्याबद्दल १०७९मध्ये अटक झाली आणि मग ह्वांगचौ या आडगावी पाठवण्यात आलं. तिथे गावाच्या पूर्वेच्या उतारावर तो स्वतः शेती करू लागला आणि स्वतःला 'तुंग-फो', म्हणजे पूर्वेचा उतार, म्हणवू लागला. सरकारने दिलेली शिक्षा त्याने आपलं नाव करून टाकली. आज चीनमध्ये त्याच्या जन्मनावापेक्षा हे नाव जास्त चालतं. डुकराच्या मांसाच्या एका पदार्थालाही तेच नाव आहे.

इथे थोडं विषयांतर करतो. आपण ही नावं इंग्रजीवरून घेतो आणि फसतो. 'कन्फ्यूशियस' हे जेझुइट पाद्र्यांनी केलेलं लॅटिन रूप. मूळ 'खुंग-फू-त्झ', म्हणजे खुंग गुरुजी. चिनी भाषेत क आणि ख, च आणि छ, प आणि फ हे भेद अर्थ बदलतात. रोमन लिपीला ते दाखवताना कसरत करावी लागते, देवनागरीत ते आयते आहेत. तरीही मराठी पुस्तकांत 'छिन' वंशही 'क्विन' होतो आणि 'छिंग' वंश 'क्विंग'. हे पाहून मला खरोखर वाईट वाटतं. घरात उत्तम तराजू असताना शेजाऱ्याच्या मोडक्या मापाने धान्य मोजण्यासारखं आहे हे.

चिनी इतिहासाचा जनक सिमा छ्येन याच्याबद्दल न बोलता हा विषय पुरा होणार नाही. हूणसदृश टोळ्यांना शरण गेलेल्या एका सेनापतीची बाजू त्याने दरबारात घेतली आणि वू-ती सम्राट संतापला. शिक्षा मृत्यूची. दंड भरून सुटावं तर पैसा नाही. उरला एकच पर्याय, पुरुषत्व घालवून घेण्याचा. स्वाभिमानी माणूस अशा वेळी आत्महत्या करी. सिमा छ्येनने ती विटंबना पत्करली, कारण वडिलांनी सुरू केलेला ग्रंथ अपुरा होता. तो ग्रंथ 'शि-ची', १३० प्रकरणांचा. राजांबरोबर व्यापारी, मारेकरी, विनोदवीर, शकुन सांगणारे यांनाही त्यात जागा आहे. ज्याने ही शिक्षा दिली त्या सम्राटाच्या कारकिर्दीबद्दलही त्याने लिहिलं आहे. त्यानंतर प्रत्येक वंशाने आधीच्या वंशाचा इतिहास लिहायचा अशी प्रथा पडली आणि चोवीस अधिकृत इतिहास जमा झाले. याचा एक परिणाम असा, की जवळजवळ प्रत्येक वंशाचा शेवटचा राजा दुष्ट किंवा मूर्ख निघतो. वाचताना तेवढी सावधगिरी बाळगावी लागते.

याच 'शि-ची'मध्ये भारताचं नाव येतं, 'शन-तू'. चांग छ्येन नावाचा वकील मध्य आशियात गेला होता. तिथल्या बाजारात त्याला चीनच्याच दक्षिणेकडचं कापड आणि बांबू दिसले. कुठून आणलेत विचारल्यावर व्यापारी म्हणाले, शन-तूहून. पुढे 'थ्येन-चू' हे नाव रूढ झालं. सातव्या शतकात आपला ह्युएनत्संग, म्हणजे श्वेन-त्सांग, इथे येऊन गेला आणि त्याने सांगितलं की ही जुनी नावं सोडा, बरोबर उच्चार 'यिन-तू'. त्याने त्याचा संबंध 'इंदु' म्हणजे चंद्राशी लावला. व्युत्पत्ती पटण्यासारखी नाही, नाव मात्र टिकलं. आजही चिनी भाषेत भारत म्हणजे 'यिन-तू'. महाराष्ट्राचं नाव त्याने अक्षरांत बसवलं आणि पुलकेशीचंही. इथले लोक उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत, सूड घ्यायचा तर आधी शत्रूला कळवतात, असा शेरा त्याने मारून ठेवला आहे.

काही शब्दांचं भाषांतर करूच नये, असा नियम त्याच्या नावावर सांगितला जातो. ज्याला एकाहून अधिक अर्थ आहेत तो 'भगवत्' शब्द, चीनमध्ये नसलेलं जांभळीचं झाड, आणि 'प्रज्ञा'. प्रज्ञेसाठी चिनीत शहाणपणाचा शब्द होता, पण तो हलका वाटेल, म्हणून उच्चारच ठेवायचा. अशा वाटेने आपले किती शब्द तिकडे गेले! 'क्षण'चं 'छा-ना' झालं. 'कल्प'चं 'च्ये' झालं. कल्पाच्या अंती विनाश असतो, म्हणून त्या शब्दाला संकट हा अर्थ चिकटला. १९६६ ते १९७६च्या सांस्कृतिक क्रांतीला चिनी लोक पुढे 'दहा वर्षांचा हाओ-च्ये' म्हणू लागले. त्या दशकाच्या नावात आपला 'कल्प' बसलेला आहे.

माणसांच्या नावांतही हा प्रवास थांबला नाही. १९३८मध्ये पाच भारतीय डॉक्टरांचं पथक जपानी आक्रमणाशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला गेलं. त्या पाचही जणांच्या चिनी नावांच्या शेवटी 'ह्वा' हे अक्षर जोडलं गेलं. 'ह्वा' म्हणजे चीन. नागपूरचे डॉ. चोळकर त्यांत होते आणि सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीसही. कोटणीस झाले 'ख ती-ह्वा', आणि चीनमध्ये ते आजही याच नावाने ओळखले जातात. ९ डिसेंबर १९४२ रोजी ते तिथेच वारले. त्याआधी काही महिने त्यांना मुलगा झाला होता, त्याचं नाव ठेवलं 'यिन-ह्वा'. त्यातला 'ह्वा' बापाच्या नावातला, आणि 'यिन' ह्युएनत्संगाने पसंत केलेल्या 'यिन-तू'मधला.